मोतीचे थांबे
आमचा मोती मुरबाडला रोज सकाळी एका झाडापाशी थांबतो. ते झाड आता तिथे नाही. चिंच होती, रस्ता रुंद करताना गेली. त्या जागी पेव्हर ब्लॉक आहेत. तरी मोती थांबतो, जमीन हुंगतो, दोनदा गोल फिरतो आणि मगच पुढे निघतो. हा फेरा त्याला आजोबांनी लावला. दीड वर्षापूर्वी ते गेले आणि साखळी माझ्या हातात आली. मी घरूनच काम करतो ना!

सुरुवातीला मी त्याला ओढायचो. नऊला मीटिंग, आणि याचं प्रत्येक खांबाशी काम. मग कळलं की थांबे ठरलेले आहेत: चिंचेची जागा, एसटी स्टँडजवळची चहाची टपरी, बंद पडलेल्या किराणा दुकानाचा ओटा. खांबावरच्या वासावरून आधी कोण येऊन गेलं, नर की मादी, हे कुत्र्याला कळतं. आमच्या भाषेत, तो लॉग वाचतो आणि जाताना स्वतःची एक ओळ टाकतो. पण चिंचेपाशी कसला लॉग? झाडाचा वास कधीच गेला असणार. मध्ये दोन महिने त्याला शहापूरला मामाकडे ठेवला होता. तिथे आसनगाव स्टेशनच्या रस्त्यावर त्याने आठवड्याभरात नवे थांबे केले. परत आला, तर पहिल्याच सकाळी चिंच! जपानचा हाचिकोही मालक १९२५ मध्ये वारल्यावर १९३५ पर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला. ते मी रीलवर पाहिलं होतं, पण खरं वाटलं ते आता.

दिवाळीनंतर आम्ही मित्र नाणेघाटात गेलो. वैशाखऱ्यापासून चढताना एक गावकुत्रा न बोलावता पुढे झाला. ठरावीक वळणांवर थांबायचा, आणि वर लेण्यापाशी येऊन चक्क बसला. ट्रेकर तिथेच डबे उघडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण इथे थांबायची सवय ट्रेकर्सच्या फार आधीची. कल्याण बंदर आणि जुन्नर यांच्यामधली ही सातवाहनकाळातली व्यापारी वाट. वर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी, सगळ्यांचे आकडे त्यात आहेत. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी हे. शून्य मात्र नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हं. मी कोडमध्ये दिवसभर शून्यं मोजतो, त्यामुळे तिथे जरा जास्तच रेंगाळलो.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, खुद्द नागनिका. मूर्ती गेल्या. वर कोरलेली नावं तेवढी आहेत. १८२८ मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. आम्ही त्या नावांखालच्या रिकाम्या भिंतीकडे बघत उभे राहिलो. कुत्रा माझ्या डब्याकडे बघत होता.

मोती सर्वांत जास्त वेळ थांबतो तो ओट्यापाशी. तिथे बसून आजोबा पेपर वाचायचे आणि त्याला पारले-जी द्यायचे. मी आता मीटिंग साडेनऊला ढकलली आहे. परवा पाहिलं तर ओट्यावर लाल रंगाची फुली आणि एक आकडा. तोही रस्त्यात जाणार. मोतीने ती फुली नीट हुंगली, आणि तिच्यावरच पाय वर केला.