नोंदींची पारख : हार्डवेअर ट्रेस आणि शेल स्क्रिप्ट

संगणकाची एखादी आज्ञावली संथ चालत असेल, तर तिचा वेळ नेमका कोठे खर्च होतो हे शोधून काढणे हे प्रोग्रामरांपुढचे जुने कोडे आहे. ते सोडविण्यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांना प्रोफायलर म्हणतात. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत हे काम प्रामुख्याने 'पर्फ' या साधनाकडे असते. सप्टेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नलच्या २.६.३१ या आवृत्तीसोबत ते प्रथम उपलब्ध झाले आणि आजही त्याचा सोर्स कोड कर्नलच्या सोर्स कोडबरोबरच सांभाळला जातो. पर्फने दिलेल्या आकड्यांवर विसंबून प्रोग्राममध्ये फेरबदल होतात, नवी यंत्रे विकत घेतली जातात. साहजिकच, मापणारे साधनच चुकत असेल तर ते कोणाला व कसे कळणार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी काही साध्यासुध्या शेल स्क्रिप्टवर सोपविलेली आहे.

शितावरून भाताची परीक्षा

प्रोफायलरची रूढ पद्धत म्हणजे नमुने घेणे. ठराविक अंतराने प्रोसेसरला क्षणभर थांबवून तो त्या वेळी प्रोग्रामच्या कोणत्या भागात होता, याची नोंद केली जाते. आजच्या पर्फमध्ये हा वेग वेगळे काही सांगितले नाही तर सेकंदाला ४,००० नमुने इतका ठरविलेला असतो. ज्या भागात नमुने अधिक सापडतील, त्या भागात वेळ अधिक जातो असा निष्कर्ष निघतो. शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच हा प्रकार होय. बहुतेक वेळा तो पुरेसा ठरतो. मात्र लाखात एखाद्या वेळी घडणारा आणि काही मायक्रोसेकंदांत संपणारा विलंब दोन नमुन्यांच्या मधून सहज निसटतो.

यावर उपाय म्हणून प्रोसेसर बनविणाऱ्यांनी नोंद ठेवण्याची यंत्रणा थेट चिपमध्येच बसविली. तिला हार्डवेअर ट्रेस म्हणतात. प्रोग्राम ज्या वाटेने गेला त्या वाटेवरचा प्रत्येक फाटा हा प्रोसेसर स्वतःच टिपून ठेवतो आणि त्यासाठी प्रोग्राममध्ये कोणताही बदल करावा लागत नाही.

नोंद कशी होते?

इंटेलच्या या यंत्रणेचे नाव 'प्रोसेसर ट्रेस' असे आहे. ब्रॉडवेल पिढीच्या प्रोसेसरांपासून ती आली. तिच्यासाठी लागणारा ड्रायव्हर २०१५ मध्ये लिनक्स ४.१ मध्ये दाखल झाला, तर पर्फमधून ती वापरण्याची सोय त्याच वर्षी ४.३ या आवृत्तीत झाली. या पद्धतीत नोंदी अत्यंत काटकसरीने केल्या जातात. 'अट खरी असेल तर या वाटेने, नाहीतर त्या वाटेने' अशा प्रत्येक फाट्यासाठी केवळ एक बिट खर्च होतो. अशा सहा फाट्यांचा निर्णय एका बाइटच्या पॅकेटमध्ये मावतो. जेथे पुढचा पत्ता प्रोग्राम चालू असतानाच ठरतो, तेथे मात्र तो पत्ता नोंदवावा लागतो. एवढी काटकसर करूनही प्रत्येक कोअरमागे सेकंदाला शेकडो मेगाबाइट माहिती जमा होऊ शकते.

आर्म कंपनीच्या प्रोसेसरांमध्ये हेच काम 'कोअरसाइट' नावाच्या रचनेतून होते. तिच्यासाठीची चौकट २०१५ च्या फेब्रुवारीत आलेल्या लिनक्स ३.१९ मध्ये समाविष्ट झाली. येथे नोंद करणारे घटक, ती वाहून नेणारे दुवे आणि ती साठविणारे घटक चिपवर वेगवेगळे असतात. चिप बनविणारी प्रत्येक कंपनी त्यांची जोडणी आपापल्या सोयीने करते. त्यामुळे एका चिपवर उत्तम चालणारी व्यवस्था दुसऱ्या चिपवर अडखळू शकते. आर्मचीच 'स्टॅटिस्टिकल प्रोफायलिंग एक्स्टेंशन' ही आणखी एक सोय आहे. तीत प्रत्येक फाटा टिपला जात नाही. ठराविक अंतराने एकेक क्रिया निवडून तिचा पत्ता, तिला लागलेला वेळ आणि तिच्यासाठी कॅशे उपयोगी पडली की नाही, हे हार्डवेअरच नोंदविते.

चूक बोलत नाही

बिटांच्या या मालिकेला स्वतःचा असा अर्थ नसतो. 'डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे' अशा नुसत्या यादीवरून प्रवासाचा मार्ग कळत नाही. त्यासाठी नकाशा हाताशी असावा लागतो. हा नकाशा म्हणजे प्रोग्रामचा मशीन कोड. तो मेमरीत कोणत्या पत्त्यावर ठेवला होता आणि कोणत्या क्षणी प्रोसेसर एक काम सोडून दुसऱ्याकडे वळला, या पूरक नोंदी कर्नलला वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यानंतर डीकोडर या तिन्ही गोष्टींचा मेळ घालून प्रोग्रामचा मार्ग पुन्हा उभा करतो.

या साखळीतील कोणतीही कडी निखळू शकते. बफर भरून वाहू लागला तर मधल्या नोंदी हरवतात. एक पूरक नोंद राहून गेली तर डीकोडरच्या हाती चुकीचा नकाशा येतो. विशेष म्हणजे अशा वेळी संगणक बंद पडतोच असे नाही. अहवाल तयार होतो, त्यात टक्केवारी असते, फंक्शनची नावे असतात आणि वाचणाऱ्याला संशयही येत नाही. प्रोफायलरची चूक ही अशी मूक असते. म्हणूनच साखळी टोकापासून टोकापर्यंत तपासणे भाग पडते.

शेल स्क्रिप्टच का?

शेल स्क्रिप्ट म्हणजे टर्मिनलवर एकामागून एक टाइप करावयाच्या आज्ञांची फाइल. बेल लॅब्जमधील स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला आणि १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आलेला शेल हा या परंपरेचा एक मोठा टप्पा होता. पर्फच्या तपासणीसाठी हे जुने माध्यम निवडण्यामागे कारण आहे. सामान्य वापरकर्ता ज्या आज्ञा देतो त्याच आज्ञा स्क्रिप्टही देते. म्हणजे नोंद करणे, ती डीकोड करणे आणि अहवाल काढणे या साऱ्या पायऱ्या प्रत्यक्ष वापरात असतात तशाच तपासल्या जातात. अशा स्क्रिप्ट पर्फच्या तपासणी विभागातील 'शेल' या फोल्डरमध्ये असतात आणि 'पर्फ टेस्ट' ही आज्ञा त्या चालविते.

प्रत्येक स्क्रिप्टचा साचा साधारण सारखाच असतो. प्रथम ती पर्फला उपलब्ध घटनांची यादी विचारते आणि तीत इंटेल प्रोसेसर ट्रेसचे किंवा कोअरसाइटचे नाव आहे का, हे पाहते. नसेल तर ती तेथेच थांबते. असेल तर तात्पुरती फाइल तयार करून एखादी छोटी आज्ञावली ट्रेससह चालविली जाते, नोंद डीकोड केली जाते आणि तीत अपेक्षित खुणा आढळतात का, हे शोधले जाते. शेवटी तात्पुरत्या फाइल पुसल्या जातात. तपासणी अर्ध्यावर तुटली तरी हे आवरणे व्हावे, अशी तजवीज आधीच केलेली असते.

काय तपासले जाते?

कोअरसाइटची मुख्य स्क्रिप्ट यंत्रातील प्रत्येक नोंद करणाऱ्या घटकापासून निघून साठवणुकीच्या घटकापर्यंतचा मार्ग स्वतः शोधते. मग त्या त्या कोअरवर 'टच' ही रिकामी फाइल बनविणारी आज्ञा चालवून त्या मार्गाने नोंद आली की नाही, हे पाहते. चिपवरील जोडणीत कोठे खोट असेल, तर ती येथे उघडी पडते. शिवाय संपूर्ण यंत्रणेची एकत्रित नोंद आणि सांगितल्या क्षणाची 'स्नॅपशॉट' नोंद यांचीही तपासणी होते.

इंटेलची स्क्रिप्ट अधिक विस्तृत आहे. तिच्यातील एक तपासणी मासलेवाईक म्हणावी अशी आहे. ट्रेस चालू ठेवायचा क्रमांक ० च्या सीपीयूवर आणि प्रोग्राम चालवायचा क्रमांक १ वर. अशा वेळी क्रमांक १ वरील पूरक नोंदी फाइलमध्ये आल्याच पाहिजेत, असा तिचा आग्रह असतो. वरवर पाहता हे उफराटे वाटेल. परंतु प्रोग्राम एका सीपीयूवर सुरू होऊन नंतर दुसऱ्यावर जाऊ शकतो आणि त्याचा नकाशा पहिल्या ठिकाणीच राहून गेला, तर दुसऱ्या ठिकाणची नोंद निरर्थक ठरते. अनेक थ्रेड असलेले प्रोग्राम आणि चालता चालता स्वतःचा मशीन कोड तयार करणारे प्रोग्राम यांच्यासाठीही तिच्यात वेगळ्या तपासण्या आहेत.

नोंद 'आहे' एवढे पुरेसे नाही, ती 'पुरेशी' आहे का, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी २०२२ मध्ये कोअरसाइटच्या तपासण्यांचा एक नवा संच जोडला गेला. निव्वळ असेम्ब्ली भाषेतील फेरा, अनेक थ्रेडमधून मेमरीची नक्कल अशी मुद्दाम घडविलेली कामे तो चालवितो, नोंदीतील पॅकेट प्रकारवार मोजतो आणि ठरविलेल्या किमान संख्येपेक्षा ती कमी भरल्यास तपासणी नापास करतो. नोंदींची संख्या दर खेपेस बदलत असल्याने नेमका आकडा न मागता किमान मर्यादा घालणे हाच येथे व्यवहार्य मार्ग आहे.

'वगळले' म्हणजे उत्तीर्ण नव्हे

स्क्रिप्ट संपताना एक अंक परत देते. ० म्हणजे उत्तीर्ण, २ म्हणजे वगळले आणि अन्य अंक म्हणजे नापास, असा पर्फचा संकेत आहे. कर्नलच्या अन्य स्वयंतपासण्यांमध्ये वगळल्याची खूण ४ ही आहे. हा फरक किरकोळ दिसला तरी दोन्हींचे निकाल एकत्र करणाऱ्याने तो विसरून चालत नाही.

खरा धोका या 'वगळले' शब्दातच दडलेला आहे. व्हर्च्युअल मशीनला पुष्कळदा मूळ प्रोसेसरची ट्रेस यंत्रणा दिसतच नाही. काही तपासण्यांना प्रशासकाचे अधिकार लागतात, काहींना सी भाषेचा कंपायलर लागतो. यांपैकी काही नसेल तर स्क्रिप्ट प्रामाणिकपणे तपासणी वगळते. आजकाल बव्हंशी स्वयंचलित तपासण्या व्हर्च्युअल मशीनवरच होत असल्याने संपूर्ण यादीत एकही नापास नाही आणि तरीही हार्डवेअर ट्रेसला कोणी हातदेखील लावलेला नाही, असे सहज घडू शकते. परीक्षेला न बसलेल्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण मानावे, तसाच हा प्रकार. म्हणून निकाल वाचताना नापासांच्या आधी वगळलेल्यांची यादी पाहावी आणि ट्रेसच्या तपासण्यांसाठी ती यंत्रणा असलेला एक तरी प्रत्यक्ष संगणक राखून ठेवावा.

स्क्रिप्टच्याही मर्यादा आहेत. अहवालात एखादा शब्द सापडला म्हणजे अहवाल खरा ठरतो असे नाही. अहवालाची मांडणी बदलली की शब्द शोधणारी तपासणी विनाकारण नापास होते. नळीने जोडलेल्या आज्ञांमध्ये शेल सामान्यतः शेवटच्या आज्ञेचाच निकाल ग्राह्य धरतो. परिणामी आधीची आज्ञा कोसळली तरी ते लपून राहू शकते. 'दोन सेकंद थांबा' अशा भरवशावर लिहिलेली तपासणी संथ यंत्रावर कधी उत्तीर्ण तर कधी नापास होते. यावर उपाय म्हणून पर्फच्या स्क्रिप्टमध्ये नोंदणी सुरू झाल्याचा संदेश येईपर्यंत वाट पाहणारी सामायिक फंक्शने आहेत.

या मर्यादा मान्य करूनही या स्क्रिप्टचे मोल कमी होत नाही. अब्जावधी फाट्यांची नोंद माणसाने नजरेखालून घालणे अशक्य आहे. त्या नोंदीवर विश्वास ठेवायचा तर ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या मार्गाने आणि कितपत तपासली गेली, हे ठाऊक असले पाहिजे. ते सांगण्यासाठी काही ओळींची एक फाइल पुरते. तिचा निकाल मात्र शेवटच्या शब्दापर्यंत वाचायला हवा.