सांबा : फाइल शेअरिंगमधील परवानग्या

लिनक्स किंवा युनिक्स सर्व्हरवरचे फोल्डर विंडोज संगणकांना वापरू देणारी मुक्त प्रणाली. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे तिची सुरुवात केली. विंडोज ज्या एसएमबी प्रोटोकॉलने फाइली मागते, त्याच प्रोटोकॉलने ती उत्तर देते.

दोन्हीकडची परवानग्यांची कल्पना मात्र वेगळी आहे. युनिक्समध्ये मालक, गट आणि इतर यांना वाचन, लेखन व अंमल अशा नऊ खुणा असतात. विंडोजमध्ये प्रत्येक व्यक्तीची वा गटाची स्वतंत्र नोंद असलेली यादी असते. शिवाय सांबाच्या शेअरचे नियम वेगळे आणि खालच्या फाइल प्रणालीचे वेगळे. दोहोंत जो कडक, तो लागू होतो. शेअरला लेखनाची मुभा देऊनही ‘ॲक्सेस डिनाइड’ येते ते यामुळेच. उलट, फोल्डर पूर्ण मोकळा असला तरी शेअर मुळात केवळ वाचनापुरता असतो. लेखन वेगळे सुरू करावे लागते.

प्रवेश अडला, तर आधी खाते तपासावे. सांबा स्वतःची पासवर्डनोंद ठेवते, त्यामुळे लिनक्सवर चालणारा पासवर्ड इथे आपोआप चालत नाही. मग वरपासूनची वाट पाहावी : मार्गातील एका जरी फोल्डरवर अंमलाची परवानगी नसेल, तर आतल्या फोल्डरच्या परवानग्या कितीही उदार असून उपयोग नाही.

कार्यालयांत खरा घोळ नव्या फाइलींचा होतो. एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला उघडते, पण जतन होत नाही. कारण नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणाऱ्या ‘क्रिएट मास्क’ या सांबाच्या सेटिंगचे मूळ मूल्य ०७४४ आहे, म्हणजे गटाला फक्त वाचन. ते ०६६० करावे, फोल्डरसाठी ‘डिरेक्टरी मास्क’ ०७७० ठेवावा आणि सामायिक फोल्डरवर सेटजीआयडी खूण लावावी. मग नव्या फाइलींना फोल्डरचाच गट मिळतो. जुन्या फाइलींचा गट व परवानग्या मात्र हाताने बदलाव्या लागतात.

रेड हॅट व फेडोरा यांवर एसई-लिनक्स हा आणखी एक पहारा असतो. फोल्डरला सांबाचे लेबल नसेल, तर ७७७ म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या देऊनही दार बंदच राहते. विंडोजही एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडू देत नाही. जुनी जोडणी तोडल्याशिवाय नवे खाते तपासता येत नाही.

सर्वांना ७७७ देणे हा उपाय नव्हे. त्याने चूक सापडत नाही आणि सर्व्हरवरील प्रत्येक खात्याला फाइली बदलण्याची व पुसण्याची मुभा मिळते.