दोन फारकतींतून एक संसार

अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासात एनबीसी आणि सीबीएस यांना नायकाचा मान मिळतो. एबीसीची नोंद 'तिसरी' एवढ्यावरच आटोपते. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र या तिसरीपाशी थोडे थांबावे. छोट्या पडद्यावरील कथनाचे रूप ज्या व्यवहारांनी पालटले, त्यांतला एक तिच्या घरचा आहे.

एबीसीचा जन्मच सक्तीच्या वाटणीतून झाला. एनबीसीकडे 'रेड' आणि 'ब्लू' अशी दोन रेडिओजाळी होती. एका मालकाकडे दोन जाळी नसावीत, हा संघीय दळणवळण आयोगाचा १९४१ चा पवित्रा सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये उचलून धरला. त्याच वर्षी 'ब्लू' ८० लाख डॉलरना विकली गेली. घेणारे एडवर्ड नोबल हे 'लाइफ सेव्हर्स' या चघळण्याच्या गोळ्यांचे कारखानदार! तिचेच पुढे एबीसी झाले.

दुसरी फारकत चित्रपटसृष्टीतली. १९४८ च्या पॅरामाउंट खटल्यातील निकालानंतर स्टुडिओ आणि चित्रगृहे वेगळी होणे अटळ ठरले. १९५० च्या आरंभी पॅरामाउंटची चित्रगृहे 'युनायटेड पॅरामाउंट थिएटर्स' या नावाने स्वतंत्र झाली. प्रमुख होते लिओनार्ड गोल्डन्सन, पेशाने वकील. आदेशानुसार शेकडो चित्रगृहे विकायची होती. म्हणजे हाती पैसा येत होता आणि प्रेक्षक घरी बसू लागला होता. नोबल यांच्याकडे वाहिनी होती, पैसा नव्हता. १९५१ मध्ये विलीनीकरणाची घोषणा झाली. आयोगाने परवानगी दिली ती ९ फेब्रुवारी १९५३ रोजी. किंमत सुमारे अडीच कोटी डॉलर. मक्तेदारी मोडण्यासाठी वेगळे काढलेले दोन तुकडे त्याच राज्यसंस्थेच्या संमतीने एकत्र आले, ही गोष्ट मला व्यवहाराच्या आकड्यापेक्षा बोलकी वाटते.

त्या काळी दूरचित्रवाणीचा मान न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होणाऱ्या नाटकांना होता. पॅडी चायेफस्की यांचे 'मार्टी' एनबीसीवर १९५३ मध्येच झाले. तिथे लेखकाचे नाव घेतले जाई. गोल्डन्सन यांचा पिंड चित्रगृहवाल्याचा. तयार चित्रफीत मिळवायची, पुन्हा पुन्हा दाखवायची, हे त्यांचे व्यवसायज्ञान. म्हणून ते हॉलीवूडकडे वळले. डिस्नेच्या नियोजित उद्यानात एबीसीने पाच लाख डॉलर गुंतवले, कर्जाची हमी घेतली आणि मोबदल्यात साप्ताहिक कार्यक्रम मिळवला. 'डिस्नेलँड' ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झाला. पुढच्या वर्षी वॉर्नर ब्रदर्स आले. त्यांच्या तीन आळीपाळीच्या मालिकांपैकी 'किंग्ज रो' आणि 'कॅसाब्लँका' लवकरच बंद पडल्या. टिकली ती 'शायान', घोडेस्वार नायकाची.

हा बदल एकट्या एबीसीने घडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. 'आय लव्ह लूसी' सीबीएसवर १९५१ पासूनच चित्रफितीवर होती. एबीसीनेही १९५३ मध्ये 'युनायटेड स्टेट्स स्टील अवर' हा थेट नाट्यप्रयोग आरंभला होता. दोन वर्षांनी तो सीबीएसकडे गेला. परंतु मालिकेत कथेपेक्षा पात्र टिकवणे महत्त्वाचे ठरते आणि लेखक बदलता येतो. नाटककाराच्या स्वाक्षरीला तिथे फारशी जागा उरत नाही. ते सूत्र एबीसीने व्यवसायाचा पायाच केले.

विलीनीकरणाला पैसा पुरवणारी चित्रगृहे मात्र कंपनीने १९७० च्या दशकात विकून टाकली. आणि ज्या डिस्नेला १९५४ मध्ये तिने भांडवल दिले, त्याच्याच कंपनीने १९९६ मध्ये एबीसी ताब्यात घेतली.