उभं राहण्याची किंमत

दिवसभर उभं राहून काम केलं की संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, मोजे काढले की घोट्याभोवती वळ दिसतो. यामागचं गणित साधं आहे. आपण नुसते उभे असतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार पायांतल्या शिरांवर येतो: साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका. त्या दाबामुळे रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि पाय सुजतात.

मग रक्त वर चढतं कसं? पाडुआच्या फॅब्रिसियसने १६०३ साली शिरांमधल्या झडपांचं वर्णन छापलं, पण त्यांचं खरं काम त्याला उमगलं नाही. ते त्याच्याच विद्यार्थ्याने, विल्यम हार्वेने, १६२८ साली दाखवलं. या झडपा रक्ताला फक्त हृदयाच्या दिशेने जाऊ देतात. ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. चाललात की पंप सुरू, थांबलात की बंद.

तीनशे वर्षांनी या गोष्टीत एक इंजिनिअर आला. अमेरिकेतल्या टोलेडोच्या कॉनराड जॉब्स्टला शिरांचा जुना आजार होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे घोट्याशी सर्वांत जास्त. हाच हिशोब त्याने मोज्यात उतरवला आणि १९५०च्या सुमारास घोट्याला घट्ट, वर सैल होत जाणारे मोजे आले. डॉक्टर आजही तसेच मोजे देतात. पायाच्या धमन्यांत अडथळा असेल तर मात्र ते धोक्याचे, म्हणून आधी विचारून घ्यावं. एरवी पाय उशीवर उंच ठेवणं, मीठ कमी करणं, अधूनमधून चालणं यानेही फरक पडतो. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

पण ज्यांना बसायचीच परवानगी नाही, त्यांनी काय करायचं? केरळच्या कापडदुकानांत गिऱ्हाईक नसतानाही बायकांना दिवसभर उभं ठेवत. कोळिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्यासारख्या कामगार बायकांनी त्याविरुद्ध लढा दिला. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानात बसण्याचा हक्क दिला, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही. झडपांचं काम कळून तोवर जवळपास चारशे वर्षं झाली होती. एका स्टुलासाठी मात्र कायदा करावा लागला.