‘तुम्हालाही असं होतं?’ : शिकागो, येरवडा आणि आमचं सुभाष गार्डन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. बोलताना झालेलं ‘अं... म्हणजे’ काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

२०२१ चा पावसाळा. मी गोंदियात घरून काम करत होतो. रात्री अकराला रिलीज होतं, आणि अचानक छातीत धडधड, हात गार, बोटांना मुंग्या. वाटलं, संपलं. ईसीजी एकदम नॉर्मल निघाला. पुढच्या दोन महिन्यांत अजून तीन ईसीजी काढले, तेही नॉर्मल. घरचे म्हणायचे, "काहीच तर नाही निघालं, मग कायचं टेन्शन घेतोस?" एक मित्र हसत म्हणाला, "याले नागपूरले न्या लागते." आपल्याकडे मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांना नागपूरचं इंग्रजांच्या काळातलं मेंटल हॉस्पिटलच आठवतं ना!

शेवटी निदान झालं, पॅनिक डिसऑर्डर. औषधं आणि थेरपी सुरू झाली, फरकही पडला. पण ‘मी एकटाच असा आहे’ हे काही डोक्यातून जाईना. मग कामानिमित्त महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला गेलो (रात्रभर झोप नाही, डब्यात बंद होण्याची भीती) आणि तिथे एका छोट्या ग्रुपमध्ये जाऊन बसलो. साठीतले एक काका सहज म्हणाले, "लिफ्टचं दार लागलं की मला वाटतं, आता मेलो. तीस वर्षं झाली." मी जवळपास ओरडलोच, "तुम्हालाही असं होतं?"

इंजिनियर माणूस. लगेच शोधायला लागलो की या गोलात मांडलेल्या खुर्च्यांचं पहिलं व्हर्जन कुणी लिहिलं.

मदतगटांचा विषय निघाला की सगळे १९३५ सालच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसपासून सुरुवात करतात. पण आपल्या, म्हणजे घाबरणाऱ्या लोकांच्या, कामाची गोष्ट दोन वर्षांनंतरची आहे. १९३७ मध्ये शिकागोत डॉ. अब्राहम लो या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या पूर्वीच्या रुग्णांना घेऊन ‘रिकव्हरी’ नावाची संस्था काढली. तेव्हा ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे नावही नव्हतं. अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत ते १९८० मध्ये आलं. लोंचं म्हणणं साधं होतं. धडधड, चक्कर, कापरं हे सगळं भयंकर त्रासदायक असतं, पण त्याने जीव जात नाही. आणि हे डॉक्टरने सांगण्यापेक्षा त्यातून गेलेल्याने सांगितलं तर पटतं.

मला सगळ्यात आवडली ती त्यांच्या मीटिंगची पद्धत. तिथे आयुष्याचं रडगाणं गायचं नाही. रोजच्या जगण्यातली एक छोटी घटना घ्यायची आणि चार गोष्टी सांगायच्या: काय घडलं, शरीरात आणि मनात काय झालं, मी ते कसं ओळखून हाताळलं, आणि पूर्वीचा मी असतो तर काय केलं असतं. चक्क बग रिपोर्ट! शेवटी जमलं की नाही यापेक्षा प्रयत्न केला म्हणून स्वतःची पाठ थोपटायची.

ही शिस्त उगाच नाही. चिंतेच्या आजारात दिलासा हेच व्यसन होऊन बसतं. "मला अटॅक तर येत नाहीये ना?" असं विचारलं, समोरचा "नाही रे" म्हणाला, की दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग परत तोच प्रश्न. दहा घाबरलेली माणसं एकत्र बसून एकमेकांना नवनवी लक्षणं शिकवायला लागली, तर घरी बसलेलं परवडलं. लोंच्या गटात डॉक्टरचा शब्द जरा जास्तच चालायचा असं मला वाटतं, पण १९५२ मध्ये त्यांनी कारभार सदस्यांकडे सोपवला. १९५४ मध्ये ते गेले, मीटिंगा मात्र चालूच राहिल्या.

महाराष्ट्रात ही कल्पना रुजली ती आधी दुसऱ्या आजारांत. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ. अनिल अवचटांनी गर्दवर केलेलं लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला धावले, हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गटही निघाला, म्हणजे घरच्यांनाही बोलायला जागा लागते हे कुणीतरी ओळखलं होतं.

मग १९९७. मूळचे धुळ्याचे, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, तिथे स्वमदत गट सुरू झाले. अतुल कुलकर्णींचा ‘देवराई’ पाहिलाय? त्यामागेही वाणी होते. या कामातून ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ हे शब्द वापरात आले. शुभार्थी म्हणजे आजारातून जाणारा, शुभंकर म्हणजे त्याला सांभाळणारा. सुरुवातीला मला हे शब्द जरा गोडगोड वाटले. मग आठवलं, माझ्यासाठी घरात दुसरा कुठलाच शब्द नव्हता. ‘पागल’ सोडून.

हे सगळं पुण्यात, आणि आपण महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. पण गंमत बघा, माझी आई पंधरा वर्षं बचत गटात आहे. दर महिन्याला बाया जमतात, पैशाचा हिशेब तासात संपतो आणि उरलेला वेळ सासू, दवाखाना, झोप लागत नाही, यात जातो. तिला मी सपोर्ट ग्रुप समजावत होतो तेव्हा ती म्हणाली, "हे तर आमी करतोच."

आता रविवारी सकाळी सुभाष गार्डनमध्ये आम्ही चौघं बसतो. नियम तीन: औषध बंद कर असं कुणी कुणाला सांगायचं नाही, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, आणि कुणाला जीव नकोसा वाटत असेल तर गटावर न थांबता लगेच डॉक्टर गाठायचे. रात्रीबेरात्री टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

गेल्या रविवारी आमच्यातल्या एका मुलीने तिची घटना सांगितली. तिच्या परवानगीने इथे देतोय. रेलटोलीकडे जाताना पुलावर स्कूटी मध्येच अडकली, मागे ट्रक. छाती धडधडली, हात कापले. तिने स्वतःशी म्हटलं, हे तेच आहे, ओळखीचं. पूर्वी असतं तर गाडी तिथेच टाकून भावाला फोन केला असता.

"मग पोहोचलीस?" मी विचारलं.

"पोहोचली ना. उशीर झाला, मॅडम ओरडल्या. त्याचं काही वाटलं नाही."