निघून जाण्याचा हक्क

पॅरिसमध्ये सीन नदीच्या दक्षिण तीरावरील ज्या वस्तीला लॅटिन भाषेतील अध्ययन-अध्यापनामुळे लॅटिन क्वार्टर हे नाव पडले, तिचा लौकिक परमुलुखांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी वाढवला, आणि तेथील दंग्यांची परंपराही विद्यापीठाइतकीच जुनी आहे.

1229 सालच्या कार्निव्हलात, म्हणजे आपल्या शिमग्याच्या सुमारास, सेंट-मार्सेल उपनगरातील एका गुत्त्यात मद्याच्या किमतीवरून काही विद्यार्थ्यांचा मालकाशी तंटा झाला. शेजाऱ्यांनी त्यांना बडवून काढले, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी सोटे घेऊन गुत्ता फोडला आणि पिंपांतले मद्य रस्त्यावर सोडून दिले. विद्यार्थी हे धर्मसंस्थेचे आश्रित असल्यामुळे त्यांच्यावर राजाच्या न्यायासनाचा अंमल चालत नसे. तथापि अल्पवयीन नवव्या लुईच्या नावे कारभार पाहणाऱ्या राजमाता ब्लांश हिने शिपायांना मोकळीक दिली, आणि त्यांनी तटाबाहेर खेळणाऱ्या, या तंट्याशी सुतराम संबंध नसलेल्या मुलांवर तुटून पडून काहींचे प्राण घेतले. दाद लागत नाही असे पाहून अध्यापकांनी पाठ बंद केले आणि शिष्यांसह नगर सोडले. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने त्यांना सन्मानाने पाचारण केले. तूलूझच्या नव्या विद्यापीठाने तर, पॅरिसमध्ये मनाई असलेले अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ आमच्याकडे खुशाल ऐका, अशी जाहिरातच केली. इमारती वा मालमत्ता नसलेल्या विद्यापीठाला उठून जाणे सोपे होते, आणि तेच त्याचे शस्त्र होते. अखेर 1231 मध्ये पोप नवव्या ग्रेगरीने सनद दिली: विद्यार्थ्याची हत्या वा इजा झाली आणि पंधरा दिवसांत दाद मिळाली नाही, किंवा खोल्यांचे वाजवी भाडे ठरविण्याचा अधिकार डावलला गेला, तर पाठ तहकूब करावेत. भाड्याचे कलम मला विशेष बोलके वाटते. परगावी शिकलेल्या कोणालाही त्याचे मर्म सांगावे लागणार नाही.

1968 च्या मे महिन्यातील विद्यार्थ्यांच्या चळवळीत त्याच वस्तीतील गे-लुसाक रस्त्यावर फरसबंदीचे दगड उपटून अडथळे रचले गेले. परंतु आता पारडे फिरले होते. परदेशी विद्यार्थ्याच्या खिशात वास्तव्याचा परवाना होता, आणि निघून जाण्याची धमकी त्याच्या हाती न राहता सरकारच्या हाती गेली होती. असे असूनही झुर्दां मार्गावरील, 1925 पासून नाना देशांच्या विद्यार्थ्यांना आसरा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय छात्रनगरीत स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस आदी देशांची वसतिगृहे त्यांच्याच रहिवाशांनी ताब्यात घेतली. मायदेशी हुकूमशाही असलेल्यांनी हे धाडस करावे, याचे मोल पॅरिसकर विद्यार्थ्याच्या धाडसाहून अधिक मानले पाहिजे. पुढे कित्येक परदेशीयांना हद्दपार करण्यात आले.

चळवळीचा अग्रणी दानिएल कोन-बेंडिट हा जन्माने फ्रान्समधील मोंतोबांचा, परंतु नागरिकत्वाने जर्मन. मे महिन्यातच तो देशाबाहेर गेला असता त्याला पुनःप्रवेशाची बंदी करण्यात आली. केस काळे रंगवून तो गुपचूप सीमा ओलांडून त्याच वस्तीतील सोर्बोन विद्यापीठात पुन्हा प्रकटला खरा. बंदीचा हुकूम मात्र 1978 पर्यंत कायम राहिला.