खर्चाची सबब आणि माहितीचा हक्क

कागदावर हक्क द्यायचा आणि वापरायला गेले की अडवायचे, हे आपल्याला नवीन नाही. 1923 साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना त्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. माहिती अधिकाराचा इतिहासही असाच तपासला पाहिजे.

राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्या घेतल्या. मजुरांनी हजेरीपट आणि बिले मागितली. त्या लढ्यामुळे देशात कायद्याची मागणी वाढली. 2002 मध्ये संसदेने माहिती स्वातंत्र्य कायदा केला, पण त्याच्या कलम 9 मध्ये पळवाट होती : माहिती शोधण्यात कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडत असेल तर अर्जच फेटाळता येई. तो कायदा अमलात आलाच नाही.

2005 च्या कायद्याने ही पळवाट बंद केली. कलम 7(9) नुसार असा ताण पडत असेल तर माहिती मागितलेल्या स्वरूपात देण्याचे बंधन नाही, एवढेच. माहिती नाकारण्याची कारणे फक्त कलम 8 व 9 मध्ये आहेत आणि त्यात खर्च नाही. ब्रिटनमध्ये मात्र मर्यादा आहे : केंद्रीय खात्यांना 600 पौंड, इतरांना 450 पौंड, तासाला 25 पौंड या हिशेबाने. तेवढ्याहून जास्त काम असेल तर तिथे नकार देता येतो. आपल्या संसदेने तसे केले नाही.

तरीही शिष्यवृत्तीचा किंवा अनुसूचित जातींच्या निधीचा हिशेब मागितला की 7(9) पुढे करून अर्ज परत येतात. महाराष्ट्राने 2012 मध्ये अर्जाला एक विषय आणि साधारण 150 शब्दांची चौकट घातली.

माहिती शोधायला वेळ का लागतो? दप्तराची सूची नसते म्हणून. पण कलम 4(1)(क) प्रमाणे सूची ठेवणे हे कार्यालयाचेच कर्तव्य आहे. त्यांनी कर्तव्य चुकवायचे आणि त्याची किंमत आपल्या पोरांनी मोजायची, हा कुठला न्याय?

म्हणून असा नकार मिळाल्यास 30 दिवसांत पहिले अपील करा. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम 19(5) ने अधिकाऱ्यावर टाकली आहे, अर्जदारावर नाही. अपिलात हे कलम लिहायला विसरू नका.

जय भीम!